बांधाच्या आतले

धरमतर खाडीच्या पश्चिम काठावर, अलिबाग तालुक्यात, अशी शेतं आहेत की उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी त्यांच्याहून उंच चढतं. मध्ये असतो तो मातीचा बांध. त्याच्या एका अंगाला तिवरं, चिखल आणि निवट्या. दुसऱ्या अंगाला भात. या पट्ट्याला खारेपाट म्हणतात आणि माझं आजोळ तिथलं. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे सांगणार आहे त्या भानगडींतली काही माणसं अजून हयात आहेत, आणि भांडणं तर सगळीच.

मुंबईहून अलिबागला निघालेली गाडी वडखळ, पोयनाड करत समुद्राकडे जाते. प्रवाशांना हा भाग खिडकीतून दिसतो तेवढाच, पावसात सपाट हिरवा आणि एरवी सपाट करडा. इतका सपाट का, हे कुणी विचारत नाही. बोरघाटाकडून उतरलेली अंबा नदी इथे खाडीला मिळते. तिच्या काठची खाजणं माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून शेताखाली आणली, आंग्र्यांच्या अमदानीत आणि नंतरही. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात शिलोत्री नावाच्या वहिवाटीचं वर्णन आहे. खाजण उठवणारा तो शिलोत्रीदार. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी त्याची आणि त्यापोटी कुळांकडून बिघ्यामागे भाताचा वेगळा मण त्याला. म्हणजे जमिनीचा वसूल निराळा आणि बांधाचा निराळा, हे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच कागदावर आलेलं होतं.

माझ्या आज्याने गॅझेटियर पाहिलेलं नव्हतं. त्याच्या लेखी इतिहासाचे दोनच भाग होते, मोठी खांड गेली त्याच्या आधीचा आणि नंतरचा. कुणाचा जन्म, कुणाचं लग्न, कुणाचा मुंबईला गिरणीत लागण्याचा दिवस, सगळं तो खांडीवरून मोजायचा.

खांड म्हणजे बांधाला गेलेलं भगदाड. तिची सुरुवात सहसा क्षुल्लक असते. चिंबोऱ्या बांधात बिळं करतात, उन्हाळ्यात माती तडकते. मग एखाद्या उधाणात त्या फटीतून पाणी झिरपायला लागतं, माती सुटते, आणि सकाळी मनगटाएवढी असलेली धार संध्याकाळी बैलगाडी जाईल एवढी होते. भरती उतरू लागली की आत शिरलेलं पाणी बाहेर ओढ घेतं आणि जाताना आणखी माती नेतं. दिवसाला दोन भरत्या, दोन सुकत्या. चारही वेळा खांड रुंदावते. बुजवायची ती सुकतीच्या पाच-सहा तासांत. तेवढ्यात साधलं नाही तर पुढच्या सुकतीला काम दुप्पट, आणि आठ दिवस निघून गेले तर गावाने हात टेकायचे. एकदा खारं पाणी शेतात मुरलं की दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघण्यात जातात. तोवर पेरलेलं उगवत नाही, उगवलं तर पिवळं पडतं.

आजा म्हणायचा, ‘‘खांड बापाचं नाव इचारीत नाय.’’ ज्याच्या हद्दीत ती जाते त्याचंच शेत बुडेल असं नसतं. पाणी आत शिरून सखल जागा शोधतं, आणि सखल जागा बहुधा तिसऱ्याच कुणाची असते. आपला बांध आपण लोखंडासारखा ठेवला तरी शेजाऱ्याच्या आळसाने आपण उपाशी राहणार, हे इथल्या माणसाला लहानपणीच कळतं. शहाणपण म्हणून नाही, पोटाचा हिशेब म्हणून.

त्या हिशेबातूनच जोळ पद्धत चालत आली. एका बंदिस्तीच्या आत ज्यांची कसवणूक, ते सगळे तिच्यात. बाहेरकाठ्याची, म्हणजे बाहेरच्या बांधाची, लांबी शेताच्या प्रमाणात वाटून दिलेली. शिमगा झाला की ज्याने त्याने आपला तुकडा मातीने भरून घ्यायचा, बिळं ठेचायची, पावसापूर्वी पेंढा घालून वर चिखल लिंपायचा. पण खांड गेली की हे वाटे तिथल्या तिथे संपत. मग घरटी एक माणूस, कुदळ-पाटी घेऊन, रात्र असो की दिवस. थाळा बडवत एक पोरगा गावातून पळत जायचा. जो येणार नाही त्याला भाताचा दंड, आणि दंड न भरला तर त्याच्या घरच्या कार्याला गाव जाणार नाही.

या नियमाची एक गोष्ट आमच्या घरात दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एका घरी हळद लागली होती आणि त्याच रात्री थाळा वाजला. घरात जाता येईल असा पुरुष एकच, तो म्हणजे हळद लागलेला नवरदेव. बाप तापाने फणफणलेला. हळदीच्या अंगाने उंबरठा ओलांडायचा नाही, ही एक रीत. घरटी एक माणूस, ही दुसरी. पंच म्हणाले, राहू दे, त्याला सूट. नवरदेवाच्या आईनेच त्याला कुदळ दिली म्हणे, कारण उद्या लग्नाला गाव आलं पाहिजे. पहाटे तो परतला तेव्हा हळद कुठली आणि चिखल कुठला ते कळत नव्हतं, आणि बायकांनी त्याला दुसऱ्यांदा हळद लावली. आजी म्हणायची तो नवरदेव म्हणजे तुझा आजा. आजा म्हणायचा, छे, तो माझा थोरला भाऊ, मी चुलीपाशी झोपलेलो. दोघंही शेवटपर्यंत आपापल्या साक्षीवर ठाम राहिली. मला आजीचं खरं वाटतं, कारण हळद तिच्याही अंगाला लागलेली होती आणि ती ही गोष्ट सांगताना दर वेळी चिडायची.

बांधाइतकीच महत्त्वाची उघाडी. बांधात चौकट बसवून तिला वरून टांगलेली लाकडी झडप. सुकतीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती आली की बाहेरचं पाणीच तिला चौकटीवर दाबून बंद करतं. माणसाचं काम थोडं, पण चुकवता येत नाही असं. झडपेत फांदी किंवा पेंढ्याची गुंडी अडकली आणि कुणी पाहिली नाही, तर रात्रभर खारं पाणी आत. त्यामुळे उघाडीवर राखणदार, आणि राखणदाराला घराघरांतून भात.

आमच्या गावात उघाडीच्या तोंडाशी जाळं लावायचा हक्क लिलावाने जायचा. पाणी सुटतं तिथे मासळी सापडतेच. बोलीचा पैसा गावाच्या पेटीत, आणि पेटीतून बांधाचा खर्च. इथवर सगळं सरळ वाटतं. पण मासळी हवी असेल तर भरतीला झडप थोडी उचलून धरायची, खाऱ्या पाण्याबरोबर मासे आत येतात आणि सुकतीला जाळ्यात पडतात. एकाची मासळी म्हणजे बाकीच्यांच्या भाताला मीठ. यावर जुन्या माणसांनी काढलेला तोडगा मला आजही फार हुशारीचा वाटतो. ज्याने लिलाव घेतला त्याच्या हाती त्या वर्षी झडप द्यायची नाही, त्याच्या भावकीतल्याच्याही नाही. दोर नेहमी अशाच्या हाती, ज्याचं शेत उघाडीजवळ सगळ्यात सखल. त्याला झोप येणार नाही याची खात्री गावाला असे.

भरतीची वेळ पंचांगातून निघायची. तिथीचा पाऊणपट करायचा: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि तेच उधाण. अष्टमीच्या आगेमागे भरती मरगळलेली असते, तिला भांग म्हणतात. बांधाची मोठी कामं भांगावर काढायची आणि उधाणाला राखण करायची, हे इथलं वेळापत्रक. माझा मामा गणितात नापास झाल्यामुळे शाळा सोडून बसला, पण पाऊणपट तो झोपेतही करतो. आता त्याच्या मोबाइलवर भरतीच्या वेळा येतात. त्या पाहून तो मान हलवतो, म्हणजे मोबाइल बरोबर आला असं.

सगळ्यात अवघड प्रसंग मात्र खांड जाण्याचा नव्हता, खांड पाडण्याचा होता. एका श्रावणात पाऊस दिवसच्या दिवस थांबेना. डोंगराकडून पाणी उतरत होतं, बाहेर उधाण होतं, त्यामुळे झडप बहुतेक वेळ बंदच. आत भाताच्या पात्या बुडाल्या. खारेपाटातला राता वाण खारं सोसतो, मोड आणलेलं बी चिखलात फेकून रहू केलेलं पीक हट्टी असतं, पण चार-पाच दिवस डोक्यावरून पाणी राहिलं तर तेही कुजतं. अशा वेळी उपाय एकच, सुकतीला बांध मुद्दाम फोडायचा, पाणी सोडायचं आणि भरती चढायच्या आत बुजवायचा. प्रश्न, कुठे? जिथे फोडाल तिथला बांध पुढे कैक वर्षं कच्चा राहणार, आणि लगतच्या शेताची माती पाण्याबरोबर खाडीत जाणार.

तीन जाणती माणसं बांधावरून चालत गेली आणि त्यांनी जागा दाखवली. ज्याचं शेत, त्याची परवानगी कुणी मागत नसे. त्याच्या नुकसानीपोटी सुगीला प्रत्येक घराने ठरलेल्या पायल्या भात त्याला मोजून द्यायचं. एवढ्यावर थांबलं असतं तर ती जुलूमजबरदस्तीच झाली असती. पण एक रीत आणखी होती. पहिला घाव ज्याचं शेत त्याने घालायचा. त्याने कुदळ मारली की मग बाकीचे हात लावणार. यात त्याचा मान होता आणि गावाची सोयही, कारण पुढे तो कधी म्हणू शकत नव्हता की तुम्ही माझा बांध फोडलात. त्या श्रावणात पहिला घाव माझ्या पणज्याने घातला. सुगीला भात आलं, एका घराचं सोडून. त्या घराची आणि आमची बोलाचाल आजही नाही. तिकडची नातवंडं आणि इकडची नातवंडं पनवेलला एकाच कॉलेजात जातात, एकाच एसटीने, आणि वेगवेगळ्या बाकांवर बसतात, असं मामा अभिमानाने सांगतो.

हे सगळं ऐकताना एक गोष्ट हळूच निसटते. ‘ज्याचं शेत’ असं मी लिहिलं, पण माझ्या पणज्याचं शेत माझ्या पणज्याचं नव्हतं. ते खोताचं होतं, आणि खोत गावात राहत नव्हता. बांधाची माती कुळांनी वाहायची, रात्री जागायचं कुळांनी, फोडायचा-बुजवायचा निर्णय कुळांनी घ्यायचा. पीक खळ्यावर आलं की मात्र मोजणारा माणूस यायचा. तेव्हा हा बांध म्हणजे गावकीच्या एकीचं लोभस चित्र वगैरे म्हणायला मी तयार नाही. धोका सगळ्यांचा सामाईक होता, धान्य नव्हतं.

ही गोष्ट खारेपाटाने जितक्या मोठ्याने सांगितली तितकी महाराष्ट्रात क्वचितच कुणी सांगितली असेल. १९३३ च्या ऑक्टोबरात चरी गावी सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली कुळांनी ठरवलं, जमीन कसायची नाही. आसपासची पंचवीसेक गावं त्यात उतरली आणि संप चालला तो १९३९ पर्यंत. १९३४ साली डॉ. आंबेडकर चरीला आले. १९३७ साली पाटलांनी ‘कृषीवल’ सुरू केलं. त्याच वर्षी आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. त्या वर्षांत माणसं डोंगरात जाऊन लाकडं तोडून विकायची, खाडीत मिळेल ते धरायची. आजी म्हणायची, करवंदं आणि चिंबोऱ्या यांवर आम्ही उभे राहिलो. संपाच्या अखेरीस तेव्हाचे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी लक्ष घातलं आणि १९३९ च्या कूळकायद्याने कुळांना पहिलं संरक्षण दिलं.

पुस्तकांत हा संप जमिनीचा म्हणून येतो. आमच्या घरात तो बांधाचाही आहे. नांगर ठेवला, कोयता ठेवला, पण बांधाचं काय करायचं? आजा सांगायचा की गावाने बांधही सोडला. खोताची जमीन, खोताने राखावी. खारं भरू दे, मग कळेल त्याला. त्याचा चुलतभाऊ, आम्ही त्याला धाकटा आजा म्हणायचो, तो ऐकून हसायचा. म्हणायचा, दिवसा सोडला रे, दिवसा. रात्री आम्हीच जायचो बिळं बुजवायला, कंदील न लावता. कारण आज ना उद्या ही जमीन आपल्याकडे येणार, आणि खाऱ्याने मेलेली जमीन घेऊन करायचं काय?

दोघांत कोण खरं? दोघंही असतील. संपात दिवसा सगळ्यांच्या देखत वागायची एक रीत असते आणि रात्री पोटाची दुसरी. पण मला धाकट्या आज्याची बाजू घ्यावीशी वाटते. कागदावर मालकी येण्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी ती माणसं अंधारात मालकासारखी वागली.

गोड्या पाण्याचं आणखी वेगळं. खारेपाटात विहीर खणली तर खारं किंवा मचूळ लागतं. पिण्याचं पाणी म्हणजे गावतळं, पावसाने भरलेलं. त्यात भांडं घासायचं नाही, गुरं घालायची नाहीत, कपड्यांचं तळं वेगळं. उन्हाळ्यात तळ आटत आला की घरटी हंडे ठरवून द्यायचे, आणि तेही संपलं की बायकांनी डोंगराच्या कडेच्या विहिरीवर जायचं. तिथल्या गावाच्या बायका आपली घागर आधी भरून घेणार, मग या. मामाची आत्या सांगायची, पाण्याला जाताना आम्ही त्यांच्यासाठी सुकट न्यायचो. घागरीमागे मूठभर. हा कर कुणी बसवला नव्हता आणि कुणी चुकवतही नव्हतं.

तळ्याला दोन घाट होते. एक दगडी पायऱ्यांचा, दुसरा म्हणजे पलीकडची नुसती उतरण. उतरण महारवाड्याची, आणि तिथूनही पाणी थेट घेता येत नसे. कुणी वरून ओतलं तर. याविषयी आमच्या घरात कुणी आपण होऊन बोलत नाही. मी मामाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, बंदी अशी कुणी घातलेली नव्हती. हेच मी बौद्धवाडीतल्या एका निवृत्त गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘बंदी घालायची गरजच पडत नव्हती.’’

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. बोले भंडारी समाजातले, म्हणजे याच किनारपट्टीचा जीव. १९२४ साली महाड नगरपालिकेने तो स्वीकारला, आणि २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर काय झालं ते सर्वांना माहीत आहे. महाड आमच्याच कुलाबा जिल्ह्यातलं. कोर्टातून निकाल यायला १९३७ चा मार्च उजाडला. गुरुजींचे वडील चरीच्या संपात होते आणि त्यांच्या घरात महाडची हकिगतही सांगितली जायची. खांड गेली की त्यांच्या वाडीतही थाळा वाजायचा. घरटी एक माणूस, त्यात सूट नाही. बांधावर माणसांची रांग लागायची आणि चिखलाची पाटी हातोहात पुढे जायची. कुणाच्या हातची घेतली हे पाहायला तिथे वेळ नसे. काम उरकून सगळे तळ्याकडे पाणी प्यायला यायचे आणि दोन वाटांनी दोन काठांकडे जायचे. गुरुजींनी हे इतक्या सहज सांगितलं की मलाच काय बोलावं ते सुचेना. मग ते म्हणाले, नळ आला तेव्हा आमच्या वाडीत पेढे वाटले, तुमच्या गावात नाही वाटले.

नळ आला आणि तळ्याचा प्रश्न मिटला असं गाव म्हणतं. मिटला नाही, सुकला. कुणी माफी मागितली नाही, कुणी घाट एक केला नाही, फक्त तळ्याचं कामच उरलं नाही. आता त्यात जिताडे सोडतात आणि गणपती बुडवतात.

बांधाचंही काहीसं तसंच झालं, पण उलट्या बाजूने. मुंबई राज्याने १९४८ साली खारजमिनींचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली आणि माझ्या आज्याचं नाव सातबाऱ्याला लागलं. तो उतारा त्याने पत्र्याच्या डब्यात ठेवला होता, आणि डबा देवघरात. पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकासाचा कायदा आला आणि बांध हा सरकारच्या योजनेचा विषय झाला. ज्या पिढीच्या हाती पीक आलं तिच्याच हातून बांध गेला. आधी बांध आमचा आणि पीक खोताचं. मग पीक आमचं आणि बांध सरकारचा. दोन्ही एका वेळी आमचं, असे दिवस किती आले असतील? फार थोडे.

सरकारने बांध घेतला हे वाईट झालं असं मी म्हणत नाही. दगडाची पिचिंग, सिमेंटची उघाडी, लोखंडी झडप, हे घरटी एका माणसाच्या कुदळीने होणारं काम नव्हे. धरमतरच्या जेट्टीकडे माल नेणारे बार्ज खाडीतून जायला लागल्यापासून लाटा बांधाला अशा थपडा मारतात की नुसती माती टिकत नाही. पण खांड गेली की आता अर्ज करायचा असतो. पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. यातला एकेक टप्पा रास्त आहे, सार्वजनिक पैसा असाच खर्च व्हावा. अडचण एवढीच की खांडीला तिथी कळते, आर्थिक वर्ष कळत नाही. आणि एक वर्ष आपण थांबलो, दुसऱ्या वर्षी थांबलो, की तिसऱ्या वर्षी थाळा बडवायला पोरगा मिळत नाही. ज्याला बांध आपला वाटत नाही तो चिंबोरीचं बीळ पाहून चिंबोरी धरतो, बीळ तसंच ठेवतो.

बुजवायची राहिलेली खांड म्हणजे काय, ते आमच्या गावाच्या उत्तरेला दिसतं. शेतांत भरतीचं पाणी वर्षानुवर्षं येत-जात राहिलं, त्याबरोबर तिवरांची बीजं आली, रुजली, वाढली. आता तिथे डोक्याच्या वर जंगल आहे. उच्च न्यायालयाने २००५ साली आणि मग २०१८ च्या निकालात तिवरांना संरक्षण दिलं, जमीन खासगी असली तरी. तेव्हा सातबाऱ्यावर भात आणि जागेवर तिवरं. मालक म्हणतात, आमच्या जमिनी तिवरांनी खाल्ल्या. मला ते पटत नाही. जुनी माणसं बांधाबाहेरची तिवरांची पहिली रांग कुणाला तोडू देत नसत, लाटा तिथेच मोडतात म्हणून. जमीन खाल्ली ती न बुजवलेल्या खांडीने. तिवरं रिकाम्या घरात राहायला आली.

गेल्या उन्हाळ्यात बांधाला पुन्हा एक जागा पाझरू लागली आणि गावाने ठरवलं, अर्ज करू, पण वाट पाहायची नाही. सभा देवळापुढे. पहिलाच मुद्दा आला तो वर्गणीचा. घरामागे घ्यायची की एकरामागे? बंदिस्तीतली बरीच जमीन आता मुंबई-पुण्याच्या माणसांनी घेतलेली. त्यांच्याकडे एकर आहेत, गावात घर नाही. काही घरं अशी की त्यांनी जमीन विकून टाकली. त्यांच्याकडे घर आहे, एकर नाहीत. जुना नियम दोघांनाही लागू पडेना. मामा म्हणाला, माती शेताप्रमाणे, माणूस घरटी, आधीपासून तसंच हाय. मग ज्यांचं घर नाही त्यांचा माणूस कोण? एका प्लॉटवाल्या बाई फोनवर होत्या, फोन पाटावर ठेवून स्पीकर लावलेला. त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, पैसे देईन, पावती कोणत्या नावाने मिळेल? यावर बराच वेळ कुणी बोललं नाही, कारण तेरा वर्षांच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत कुणालाच सांगता येईना की जे जमले आहेत त्यांचं नाव काय.

तेवढ्यात गुरुजी उठले. म्हणाले, यादी करताय तर पूर्ण करा. तळ्यातल्या जिताड्यांचा लिलाव होतो, तो पैसाही याच वहीत लिहा, आणि तळ्याचा गाळ काढायचा तर दोन्ही घाटांचा काढा. कुणीतरी म्हणालं, तो आजचा विषय नाही. गुरुजी म्हणाले, पाण्यासाठीच जमलोय ना? मग हाच विषय. आवाज चढले. आमच्या शेजारच्या अबोला असलेल्या घरातला मुलगा गुरुजींच्या बाजूने बोलला, त्यामुळे मामाची पंचाईत झाली. त्याला गुरुजींचं पटत होतं, पण त्या घराला रुकार द्यायचा नव्हता. तो नुसताच म्हणाला, लिहून ठेवा.

त्या दिवशी द्वादशी होती. पावणेनऊ झाले तसे म्हातारे एकेक करून चपला शोधू लागले. बॅटऱ्या निघाल्या आणि पंधरा-वीस माणसं पाझर बघायला बांधाकडे गेली, भांडत भांडतच. वहीत मुद्दे तीन लिहिले होते आणि निर्णय एकही नव्हता. फोन पाटावर तसाच चालू राहिला होता. बाई विचारत होत्या, सभा संपली का? मामीने फोन उचलून सांगितलं, नाही, भरती आहे. पुढची सभा अष्टमीला ठेवली. त्या दिवशी भांग असते, बोलायला वेळ मिळतो.